आजीच्या डब्यातली नाणी आणि एक वाकडी तार: ओळख हवी आहे

खाडीपलीकडचा
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचं घर गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीच्या दक्षिण काठाला. यंदा पावसाआधी माजघराचे वासे बदलायला काढले, तेव्हा देवघरावरच्या फळीवर बिस्किटांचा एक गंजलेला पत्र्याचा डबा मिळाला. वर जुन्या पंचांगाची पानं, खाली फडक्यात बांधलेली नाणी. भोकाचे पैसे मूठभर. राणीछाप रुपये चार, चारही १८६२ चे. तांब्याची जाड, ओबडधोबड नाणी तीन; त्यातल्या एकावर 'छत्र' एवढं स्वच्छ वाचता येतं. चांदीचं एक भलंमोठं नाणं, पुढे कुणी धष्टपुष्ट बाई, मागे दोन डोक्यांचा गरुड आणि साल चक्क १७८०. पितळेचं एक, रामदरबाराचं, त्यावर ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८.

शिवाय एक काळी तार. करंगळीएवढी, मधोमध दुमडलेली, दोन्ही पाय ठोकून चपटे केलेले. आधी वाटलं आजीच्या अंबाड्याचा आकडा, मग वाटलं गळ असेल, घरात पूर्वी गरवायचा नाद होता. जरा तेलकट आहे. नाणं नाही म्हणून तिचा फोटो टाकला नाही, पण डब्यात होती म्हणून लिहिलं.

किती जुनी, किती किमतीची आणि साफ कशी करायची, एवढं सांगा. काकूने एक तांब्याचं नाणं आमसुलाने घासलंय. मस्त गुलाबी झालंय.

मालवणी खाजा
मेल्या, आधी काकूक थांबय! उरलेली नाणी तिच्या हातात दिव नको.

भोकाचे पैसे आमच्याकडे पोरांच्या करगोट्यात ओवायचे. माझ्याही होता. फोटो आहे, पण तो इथे टाकणार नाही.

नाणवटी
खाजाभाऊंनी मुद्द्याचं सांगितलं. आमसूल, चिंच, लिंबू, राख, दंतमंजन, पितळ चमकवायची पावडर, यातलं काहीही नाण्याला लावायचं नाही. तांब्यावर शेदोनशे वर्षांत जो तपकिरी-काळा थर बसतो, तो मळ नव्हे, ती त्या नाण्याची कातडी. आंबटात ती निघते आणि खालचं तांबं कच्चं, गुलाबी दिसायला लागतं. परत तसा थर बसायला आणखी दोनशे वर्षं. जाणकार माणूस घासलेलं नाणं हातात घेऊन खाली ठेवतो. काकूंना दोष नाही. देवाची भांडी ज्या मायेने घासतो त्याच मायेने त्यांनी घासलं, आणि कोकणात आमसुलाशिवाय दुसरं हाताशी असतं तरी काय.

आता एकेक घेऊ.

भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ चा. महायुद्धात तांब्याची ओढाताण होती, म्हणून मधलं तांबं वाचवलं. लाखोंनी आहेत. पोरांना खेळायला द्या.

मोठं नाणं म्हणजे मारिया थेरेसा, ऑस्ट्रियाची राणी. तिचा थालर. आता गंमत ऐका. ती १७८० मध्ये वारली आणि पुढे हे नाणं त्याच सालाच्या ठशाने पाडत राहिले. कारण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, हबसाणात (म्हणजे इथिओपियाकडे), एडनला, लोकांचा विश्वास याच चेहऱ्यावर बसला होता. साल बदललं की व्यापारी नाणं घेईनात. वजन २८ ग्रॅम, चांदी हजारात ८३३ भाग. व्हिएन्नात पाडलं, युरोपातल्या आणखी टांकसाळींत पाडलं, आणि दुसऱ्या महायुद्धात आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं. तेव्हा १७८० हे साल राणीच्या मरणाचं समजा, नाण्याच्या जन्माचं नाही. तुमच्या घरात कुणी बोटीवर होतं का?

१८६२ च्या रुपयांचीही तीच खोड. १८६२ चा ठसा १८७४ पर्यंत तसाच चालला. मुंबईच्या टांकसाळीने मात्र मागच्या बाजूला बारीक ठिपके वाढवत नेले. ते कुठल्या सालाचे हे ठरवायला जाणकार भिंग घेऊन बसतात. तुमच्या चारही रुपयांचे ठिपके मोजा, सारखे निघाले तर मला सांगा. वजन प्रत्येकी ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. ते चांगलंच कमी भरलं किंवा लोहचुंबकाला चिकटलं, तर विषय संपला. रुपये तसे सर्रास मिळतात. चांदीच्या भावाच्या थोडं वर, एवढीच अपेक्षा ठेवा.

रामदरबार सरळ बाजूला ठेवा. कंपनीने राम, हनुमान, कृष्ण असली नाणी चलनात कधीच पाडली नाहीत. कंपनीच्या खऱ्या अर्ध्या आण्यावर तिचं सिंहांचं चिन्ह असतं. हे देवळाबाहेर विकायचे टाक. साल काहीही टाकतात, १६१६ सुद्धा पाहिलंय.

शिवराईबद्दल, म्हणजे तुमच्या त्या तांब्याच्या जाड नाण्यांबद्दल, नंतर लिहितो. आधी त्या तारेचा फोटो टाका. दोन्ही चपट्या पायांचा, जवळून, उजेड तिरका पडेल असा. वजन करा. आणि कृपा करून पुसूसुद्धा नका.

सुरंगीचा वळेसर
तारेत काय एवढं? 😄 मला मात्र पुतळीचं विचारायचंय. आमच्या पणजीची पुतळ्यांची माळ होती, तीही नाण्यांची असते ना?

नाणवटी
हो. मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचं डुकाट. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोनं. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख. आपल्या लोकांनी त्या दोन आकृत्या बघितल्या आणि नाव ठेवलं पुतळी. बखरकार सभासदाने शिवाजी महाराजांच्या खजिन्याची जी यादी दिलीय, तीत होनांच्या बरोबरीने पुतळीही आहे. पुढे इथल्या सोनारांनी तिच्या नकला पाडल्या, आणि त्या नकलांवर संताचं आणि राजाचं जे काय झालंय ते बघून हसू येतं. कधी कधी चक्क राम-सीता वाटतात.

बोरूबहाद्दर
शिवराई!!! तीन तीन शिवराया! अहो, महाराजांचा हात लागलेलं नाणं! देव्हाऱ्यात ठेवा, किंमत काय विचारता!

नाणवटी
बहाद्दर, भावना पोचली. पण जरा सबुरीने. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', ही शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकापासूनची. मात्र लोकांना ती इतकी आवडली की ताराराणी, शाहू, पेशवाई, सगळ्यांच्या काळात तेच नाव तांब्यावर उठत राहिलं. इंग्रज आले तरी बाजारात शिवराई फिरतच होती. म्हणजे दोनशे वर्षांची शिवराई. तिच्यावर सहसा साल नाही, टांकसाळीचं नाव नाही. ओळखायची ती अक्षराच्या वळणावरून आणि वजनावरून. जुनी साधारण ११ ते १३ ग्रॅमची, मागाहूनच्या हलक्या. अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, उत्तरकाळातली.

आणि 'छत्र' एवढंच का दिसतं? कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. ठोकणाऱ्याने हातोडा मारला, जेवढं उमटलं तेवढं उमटलं. 'श्री राजा शिव' पूर्ण आलेली शिवराई मिळाली तर गावजेवण घालावं.

बोरूबहाद्दर
दुदांडी असली तरी मी पाया पडेन.

नाणवटी
पडा की. मीही पडतो, आणि मग वजन करतो.

श्रीमंत_नाणी_खरेदी
तुमच्याकडे ५ रुपये वैष्णोदेवी, ७८६ ची नोट, जुना २५ पैसे असेल तर १५ लाखांपर्यंत! रिझर्व्ह बँक मान्यताप्राप्त. नोंदणी फी फक्त

संपादक
वरचा प्रतिसाद अर्धवट ठेवून सदस्यत्व गोठवलं आहे, लोकांना नमुना दिसावा म्हणून. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की ती असल्या खरेदी-विक्रीत नाही, त्यासाठी कुणाकडून शुल्क घेत नाही आणि कुणाला तसे अधिकारही दिलेले नाहीत. पैसे आधी मागणारा नाणी विकत घेत नसतो.

कुलाबकर
त्याच माळेतला दुसरा मणी म्हणजे तांदूळ ओढणारं नाणं. आमच्या आळीतल्या एकाने घराचा हप्ता थकवून त्यात पैसे घातले होते. म्हणे कंपनीच्या काळातलं, वीज पडलेलं तांबं, तांदूळ आपोआप ओढतं, परदेशी शास्त्रज्ञ कोट्यवधी देणार. तांदळात लोखंडाचा कीस मिसळलेला असतो, दुसरं काही नाही. तो माणूस अजून म्हणतो, 'आमचं नाणं खरं होतं, चाचणीच्या वेळी ग्रह फिरले.'

तुमच्या डब्याबद्दल एक प्रामाणिक शंका. जमिनीत सापडलेलं धन सरकारजमा करावं लागतं ना? उगाच पंचनामा व्हायचा. इथे फोटो टाकू नका असं माझं मत.

दगडी चाळ नव्हे दगडी जोतं
डबा फळीवर होता, जमिनीत नाही. कायदा जमिनीत दडलेल्या वस्तूंचा आहे. वडिलोपार्जित डब्याला पंचनामा कसला? लोकांना घाबरवू नका.

कुलाबकर
मी घाबरवत नाही. पण आजोबांनी माडाचं आळं खणताना सापडलेलं डब्यात टाकलं नसेल कशावरून? आमच्याकडे चौलला नांगराला नाणी लागल्याच्या गोष्टी घरोघर ऐकाल. ते बंदरच दोन हजार वर्षांचं.

नाणवटी
दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर. कायदा १८७८ चा, निखात निधीचा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांच्या वर किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये ही रक्कम तेव्हाची, ती अजून तशीच आहे, म्हणजे आता सगळंच त्यात बसतं. पण लोक समजतात तसं सगळं फुकट जात नाही. सरकारला ठेवून घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा असतो. कुणी पूर्वीचा मालक ठरला नाही आणि सरकारनेही घेतलं नाही, तर शोधणाऱ्याला आणि जागेच्या मालकाला वाटा मिळतो. दोघांत काही ठरलेलं नसेल तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, मालकाला एक. लपवलं मात्र की हक्कही जातो आणि शिक्षाही होते. दुसरा कायदा १९७२ चा: शंभर वर्षांवरचं नाणं कुरिअरने परदेशी पाठवून द्यायचं नाही. दुबईच्या भाच्याला भेट म्हणूनसुद्धा नाही.

माझं दुखणं वेगळं आहे. लोक घाबरून नाणी सोनाराकडे वितळवतात. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एका ठिकाणी मिळाली. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. कोणी कोणाला हरवलं ते त्या एका ढिगाने सांगितलं. तो ढीग मुशीत गेला असता तर?

खाडीपलीकडचा
बाप रे, एवढे प्रतिसाद! दोन दिवस नेट नव्हतं, वारा सुटला की आमच्याकडे पहिला टॉवर जातो.

पणजोबा बोटीवर होते, बरोबर ओळखलंत. एडनचं नाव घरात येतं, कारण त्यांनी तिकडून आणलेली पेटी अजून आहे. म्हणजे मुंबईत पाडलेलं नाणं एडनला जाऊन परत आमच्या फळीवर आलं असेल, असंही होऊ शकतं!

रुपयांवर ठिपके आहेत. दोनांवर सारखे, बाकी दोनांवर वेगळे. शिवराया चिपळुणात सोनाराकडे तोलल्या: १२.१, ९.४ आणि काकूंची ८.९. हलक्या दोन्हींवर दोन रेघा आहेत. १२.१ वर नाहीत.

तार ४.७ ग्रॅम भरली. सोनार म्हणाला चांदी आहे, मोडीत घेतो. फोटो टाकलाय. चपट्या भागावर काहीतरी खरवडल्यासारखं आहे.

नाणवटी
मोडीत देऊ नका. देऊ नका. देऊ नका.

अहो ती लारी आहे.

आता बसून लिहितो. इराणात लार नावाचं शहर आहे, नाव तिथलं. नाणं गोल असावं असा काही नियम नव्हता. चांदीची तार घ्यायची, ठरल्या वजनाची तोडायची, मधोमध दुमडायची, ठोकून चपटी करायची आणि दोन्ही बाजूंना ठसा मारायचा. होर्मुझपासून गुजरात, कोकण, मालदीव, लंकेपर्यंत सोळाव्या-सतराव्या शतकात हे नाणं चाललं. लंकेत तर ती खरोखरच गळाच्या आकाराची वाकवत, त्यामुळे तुमचा अंदाज अगदीच वाया गेला नाही. वजन पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, तुमचं ४.७.

आणि कोकणचं विशेष असं, की विजापूरच्या आदिलशाहीने इथल्या बंदरांच्या व्यापारासाठी स्वतःच्या लाऱ्या पाडल्या. अली आदिलशाह दुसरा, १६५६ ते १६७२, त्याच्या नावाच्या लाऱ्या माहीत आहेत. तुमच्या घरासमोर खाडीच्या पलीकडे दाभोळ दिसतं ना? त्या काळी ते नुसतं फेरीबोटीचं ठिकाण नव्हतं. इराण-अरबस्तानातले घोडे उतरायचे, हजला जाणारी जहाजं सुटायची.

म्हणजे बघा, एकाच डब्यात आदिलशहाची लारी आणि १२.१ ची शिवराई. समोरासमोर उभी राहिलेली दोन राज्यं, एका फडक्यात बांधलेली. मी तीस वर्षं गोळा करतोय, माझ्याकडे एकही लारी नाही. (हो, जळतोय.)

दगडी चाळ नव्हे दगडी जोतं
ठसा तारेवर बसणार कसा? तार केवढीशी.

नाणवटी
बसतच नाही. ठसा रुंद, तार अरुंद. मजकुराची एक चिंधी तेवढी उमटते. म्हणून एका लारीवरून पूर्ण मजकूर लागत नाही, दहाबारा शेजारी मांडून जोडावा लागतो. कुणाला फारसी लिपी येते का इथे? माझी अक्षरओळख अलिफ-बेच्या पुढे सरकली नाही.

दाभोळी मुसाफिर
पलीकडच्या काठावरून सलाम. मी दाभोळचाच, सध्या कुवेतला. दादांनी लहानपणी छडी घेऊन उर्दू शिकवलं, त्याचा आज पहिल्यांदा उपयोग होतोय.

फोटो उलटा धरलाय. फिरवून पाहिला. डाव्या पायावर ऐन, लाम आणि शेवटी वळलेली ये, हे मला स्वच्छ दिसतं: अली. त्याच्या आधी एक उभी रेघ आहे, ती कशाची ते ठामपणे सांगणार नाही. उजव्या पायाचं काही लागत नाही, तिथे तेल की काजळी बसलीय. साल असतं तर मजा आली असती.

घराच्या गच्चीवरून तुमच्या बाजूचे माड दिसतात आमच्याकडे. धोपाव्याची फेरी पकडून पोरं क्रिकेट खेळायला यायचो.

मालवणी खाजा
आवशीक! ह्यो तर सरळ इतिहासच निघालो.

आमच्या आजोळी, बांद्याला, जुन्या गोव्याची इस्कुद नाणी पडलेली असत. १९५८ मध्ये पोर्तुगीजांनी रुपिया बंद करून इस्कुद आणलं, एका रुपियाला सहा. तीनच वर्षांत ते स्वतःच गेले. मी त्यांना टाकाऊ समजत होतो, आता डबा शोधायला हवा.

सुरंगीचा वळेसर
मी आधी 'तारेत काय एवढं' म्हटलं होतं ते मागे घेते. 🙏
ठेवायची कशी पण? आमच्याकडे पावसाळ्यात पापडसुद्धा टिकत नाहीत.

कुलाबकर
हे विचारलंत ते बरं केलंत, कारण माझा यात हात पोळलाय. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांचा अल्बम घेतला होता. अलिबागच्या दोन पावसाळ्यांत तांब्याच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर. ते पीव्हीसी असतं, त्यातून आम्ल सुटतं. कडक, बिनवासाची पाकिटं मागा, पॉलिएस्टरची.

दुसरं म्हणजे खारा वारा. तांब्यावर घट्ट गडद हिरवं असेल तर राहू द्या. पण पोपटी रंगाची भुकटी दिसली, बोटाला लागली, तर तो रोग आहे. आत क्षार शिरलेत, दमट हवा मिळाली की ते नाणं आतून खातात. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढायचं, डिस्टिल्ड पाण्यात ठेवायचं, पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं, असं कित्येक आठवडे. मग पूर्ण वाळवून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर. जेलचे दाणे रंग बदलतात, तेव्हा तव्यावर मंद आचेवर परतून घ्यायचे. बायको विचारते, आज काय परततोयस?

चांदी वर्तमानपत्रात किंवा रबरबँड लावून ठेवू नका, काळी पडते. नाणं कडेने धरा, पृष्ठभागाला बोट नको.

नाणवटी
याला पूर्ण अनुमोदन. भर एवढीच की प्रत्येक पाकिटात कागदाची चिठ्ठी घाला: कुठे मिळालं, कधी, वजन किती. बाजारातल्या नाण्याला किंमत असते, पत्ता नसतो. तुमच्या लारीला पत्ता आहे. ती खाडीच्या काठावरच्या घरात मिळाली, हे लिहून ठेवलंत तर अभ्यासकाला ती दुप्पट बोलेल. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची. तिकडे फोटो दाखवा. मुंबईला गेलात तर फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, तेही बघून या.

आणि कुलाबकरांच्या शंकेसाठी: ती डब्यात आली कशी, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा.

खाडीपलीकडचा
विचारलं. आजी ब्याण्णव वर्षांची, ऐकायला कमी येतं, पण लारी हातात ठेवल्यावर लगेच ओळखली.

म्हणाली, 'ही होय! ही वातसारणी. माझ्या सासूबाईंची.' समईची वात पुढे सारायला घरात हीच वापरायचे. आजी लग्न होऊन आली तेव्हाही देवघरातच होती, आणि सासूबाईंना त्यांच्या सासूने दिलेली. जमिनीत वगैरे कुणाला सापडलेली नाही, निदान आजीला तसं काही माहीत नाही. तेल आणि काजळी कुठून आली तेही कळलं. मधे कुणीतरी पितळेची नवी काडी आणली, तेव्हा ही डब्यात गेली.

पाकीट आणलंय, चिठ्ठी लिहिलीय, सिलिका जेल चिपळूणहून मागवलंय. मुसाफिरभाऊ, काजळी न पुसता उजव्या पायाचा फोटो वेगवेगळ्या उजेडात काढून उद्या टाकतो, बघा काही लागतं का.

एकच अडचण झालीय. नवी काडी बोथट आहे, आणि आजी सकाळपासून तीनदा विचारून गेली, माझी वातसारणी परत कधी देणार म्हणून.